विश्लेषण : समाजशास्त्रात पदवी घेऊन पुढे काय? प्रवेशापूर्वी काय तपासावे?

बारावीनंतर कला शाखेत समाजशास्त्र घेणाऱ्यांना 'का घेतला' असे विचारले, तर ठरावीक उत्तरे मिळतात. विषय सोपा आहे, स्पर्धा परीक्षेला चालतो, दुसरा विषय मिळाला नाही. घरच्यांचा प्रश्न एकच असतो, याने नोकरी लागेल का? नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी तीन वर्षांची की चार, हा आणखी एक निर्णय विद्यार्थ्यापुढे आला आहे. अशा वेळी हा विषय नेमके काय शिकवतो, काय देत नाही आणि महाविद्यालय निवडताना कोणती गोष्ट सर्वात आधी पाहावी, याचा हा आढावा.

समाजशास्त्रात नेमके काय शिकतात?

एक उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील अनेक गावांत दिवाळीच्या सुमारास शाळेचा पट एकदम रोडावतो. आईवडील ऊसतोडीला जातात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही' असे म्हणून हा विषय संपवता येतो. समाजशास्त्र तिथून सुरू होते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम उचल देतो ती या जोडीला. त्यामुळे बाईला गावी मागे राहता येत नाही आणि ती गेली की लहान मूलही जाते. मागे ठेवायचे तर घरात आजी-आजोबा हवेत किंवा गावात हंगामी वसतिगृह हवे. मुलीचे लग्न लवकर उरकण्यामागेही हाच हिशेब अनेकदा असतो, कारण नवी जोडी म्हणजे नवा कोयता. शाळेची गळती, बालविवाह, कर्ज आणि स्थलांतर हे चार वेगळे प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच व्यवस्थेचे भाग आहेत. व्यक्तीच्या वागण्यामागची ही व्यवस्था शोधणे, हे समाजशास्त्राचे काम.

या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांनीही हेच केले. फ्रान्सच्या एमिल दर्खाइम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. आत्महत्या हा वरकरणी सर्वात खासगी निर्णय. पण समाजगटानुसार तिचे प्रमाण बदलते आणि त्या फरकात सातत्य असते, हे त्यांनी आकडेवारीतून मांडले.

समाजशास्त्र आणि समाजकार्य एकच का?

नाही, आणि या गल्लतीमुळे अनेकांची निवड चुकते. समाजकार्य हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. समुपदेशन, वस्तीपातळीवरचे काम, रुग्णालय किंवा संस्थेतील सेवा यांचे प्रशिक्षण त्यात मिळते. त्याच्या पदव्या बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ मध्ये सुरू झाली ती समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठीच. समाजशास्त्र ही ज्ञानशाखा आहे. ती समाज समजून घ्यायला शिकवते, सेवा द्यायला नव्हे. समाजशास्त्रात बीए करून पुढे एमएसडब्ल्यू करता येते आणि अनेक जण तसे करतातही. मात्र 'लोकांसाठी काम करायचे आहे' एवढ्याच इच्छेने बीएला समाजशास्त्र घेतले आणि पहिल्याच वर्षी सिद्धांत समोर आले, की निराशा होते.

या विषयाचे महाराष्ट्राशी नाते काय?

ते फार जुने आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्यानंतर गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो अनेक वर्षे सांभाळला. एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई आणि इरावती कर्वे हे त्यांचे विद्यार्थी. इरावतीबाईंनी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले आणि भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ मध्ये ग्रंथ लिहिला. मराठी वाचक त्यांना 'युगान्त'साठी ओळखतात. पण त्या पुस्तकामागची नजरही कुळे, नाती आणि वारसा तपासणाऱ्या अभ्यासकाचीच आहे.

विद्यापीठाबाहेरही हे काम सुरू होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील वतनदार, बलुतेदार आणि शेतकरी यांच्या देण्याघेण्याचे त्यातील वर्णन आजही वाचले जाते. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न करण्याचे बंधन हा जातिव्यवस्थेचा गाभा आहे, ही मांडणी त्यात होती.

नव्या धोरणात पदवीची रचना कशी आहे?

राज्यात नव्या धोरणानुसारचे अभ्यासक्रम स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. बीएला प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्यांनाही समाजशास्त्र घेता येते. मुख्य विषय म्हणजे 'मेजर' आणि जोडविषय म्हणजे 'मायनर'. मुख्य विषय काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच ठरतो, तर काही ठिकाणी पहिल्या वर्षानंतर.

तीन वर्षे पूर्ण केल्यावर पदवी मिळते. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते आणि नंतरचे एमए एका वर्षाचे होते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील, तर चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स'चा पर्याय खुला होतो. त्यासाठी मान्यताप्राप्त संशोधन मार्गदर्शक लागतात. ही सोय प्रत्येक महाविद्यालयात नसते, म्हणून तिसऱ्या वर्षानंतर महाविद्यालय बदलावे लागू शकते. संशोधन किंवा अध्यापनाकडे जायचे नसेल, तर चौथ्या वर्षाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. तीन वर्षांच्या पदवीवर विधी, बीएड, एमएसडब्ल्यू किंवा स्पर्धा परीक्षा हे मार्ग खुले राहतात.

पदवीची खरी कसोटी कुठे लागते?

क्षेत्रकार्यात. नव्या रचनेत क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग आणि कार्यानुभव यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. इतर विषयांसाठी ही जोड असेल. समाजशास्त्रासाठी तो विषयाचा कणा आहे.

याचे कारण एका साध्या प्रश्नातून कळते. सर्वेक्षणाला गेलेला विद्यार्थी विचारतो, 'घरातली बाई काम करते का?' उत्तर येते, 'नाही, घरीच असते.' कागदावर 'काम नाही' अशी नोंद होते. तोच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला, 'काल पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय केले?', की म्हशीची धार काढणे, पाणी भरणे, घरच्या शेतात खुरपणी, सासऱ्यांचे औषधपाणी अशी यादी निघते. माणूस तोच, घर तेच. प्रश्न बदलला आणि उत्तर उलटे झाले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले, ते अशा न दिसणाऱ्या कामाची मोजदाद व्हावी यासाठीही. प्रश्न कसा विचारायचा, कोणाला विचारायचा, उत्तर देताना शेजारी कोण बसले आहे हे का पाहायचे, ही समज वर्गात बसून येत नाही.

आगामी जनगणनेत जातनिहाय नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. १९३१ नंतर सर्व जातींची आकडेवारी जनगणनेतून प्रसिद्ध झालेली नाही. एकच जात जिल्ह्यागणिक वेगळ्या नावाने ओळखली जाते, कोणी आडनाव सांगते, कोणी पोटजात. ही माहिती येईल तेव्हा तिचा अर्थ लावणारी माणसे लागतील आणि ती याच विषयाच्या वर्गातून यायला हवीत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी क्षेत्रप्रकल्प म्हणजे मागच्या वर्षीच्या फाइलची नक्कल एवढाच उरतो. श्रेयांक मिळतात, कौशल्य मिळत नाही.

नोकरीचे काय?

'समाजशास्त्रज्ञ हवा' अशी जाहिरात बीए झालेल्यांसाठी निघत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. ही पदवी थेट एका नोकरीकडे नेत नाही. ती दुसऱ्या पायरीसाठीचा पाया आहे.

स्पर्धा परीक्षा हा सर्वाधिक चर्चेतील मार्ग. यूपीएससी मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण असतात आणि समाजशास्त्र त्या यादीत आहे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरातही भारतीय समाज हा घटक आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्याने लिहिता येणे महत्त्वाचे ठरले आहे. मात्र केवळ परीक्षेसाठी हा विषय घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : यश न मिळाल्यास हातात काय उरेल, याचे उत्तर आधीच हवे.

अध्यापनाचा मार्ग लांबचा आहे. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एमए आणि बीएड, तर वरिष्ठ महाविद्यालयासाठी एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. पात्रता मिळवूनही अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत, हे वास्तव घरच्यांनाही माहीत असावे.

या दोन्हींपलीकडे स्वयंसेवी संस्था, सार्वजनिक आरोग्य प्रकल्प, बाजार संशोधन, कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग, पत्रकारिता आणि सर्वेक्षण संस्था येथे संधी असते. तिथे पदवीपेक्षा मुलाखत घेता येते का, आकडेवारी तक्त्यात मांडता येते का आणि पाच पानांचा नेटका अहवाल लिहिता येतो का, हे पाहिले जाते. म्हणून संगणकावरील स्प्रेडशीट आणि प्राथमिक संख्याशास्त्र या विषयाच्या विद्यार्थ्याने शिकायलाच हवे.

मराठीतून शिकता येते का?

येते. राज्यातील अनेक महाविद्यालयांत अध्यापन आणि परीक्षा दोन्हींसाठी मराठीचा पर्याय आहे. अडचण वाचनाची आहे. मार्क्स, वेबर, दर्खाइम यांच्यावरची चर्चा आणि नवे संशोधन प्रामुख्याने इंग्रजीत आहे. मराठीत पाठ्यपुस्तके आहेत. पण विद्यार्थी बहुधा त्याऐवजी गाइडवर अवलंबून राहतात. व्याख्या पाठ होतात आणि विषय हातून निसटतो. यावर उपाय टप्प्याटप्प्याने करता येतो. पहिल्या वर्षी मूळ मराठी लेखन वाचावे, दुसऱ्या वर्षापासून इंग्रजीतील एकेक प्रकरण शब्दकोश जवळ घेऊन वाचावे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याकडे एक जमेची बाजूही असते. ज्या माणसांचा अभ्यास करायचा, त्यांची बोली त्याला येते. गावात जाऊन मुलाखत घेताना त्याला दुभाषा लागत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावे?

महाविद्यालयात जाऊन पाच प्रश्न विचारावेत. समाजशास्त्र मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवले जाते का, की फक्त जोडविषय म्हणून? विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? चौथ्या वर्षाची सोय आहे का? ग्रंथालयात गाइडखेरीज विषयाची पुस्तके आहेत का? आणि पाचवा, सर्वात महत्त्वाचा : मागच्या वर्षीचे क्षेत्रप्रकल्प पाहायला मिळतील का?

प्रकल्पांच्या फाइल चाळल्या की बरेच कळते. प्रत्येक फाइलमध्ये वेगळे गाव, वेगळी वस्ती, वेगळी निरीक्षणे असतील, तर तिथे विद्यार्थ्यांना खरोखर बाहेर पाठवले जाते. सगळ्यांची प्रस्तावना आणि निष्कर्ष सारखेच असतील, तर त्या विभागातून पदवी मिळेल, विषय मिळणार नाही. असे महाविद्यालय घराजवळ असले, तरी थोडे लांबचे दुसरे पाहणे हिताचे. तो पर्याय नसेल, तर निदान आपला प्रकल्प स्वतः फिरून, स्वतःच्या गावाचा किंवा वस्तीचा करावा. पुढे नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेइतकाच तो कामाला येतो.