रायफल अंगाला, गोळी नळीला

आजरा तालुक्याला बंदूक नवी नाही. घनसाळ भाताची खाचरं आणि काजूच्या बागा रानाला भिडलेल्या. त्यामुळे रानडुकरं नि गवे पिकात शिरायचेच. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची नाहीतर बारा बोअरची बंदूक काही जुन्या घरांतून अजून आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. पण १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, आणि बंदुकीकडे बघायची नजर बदलली. आता आईबाप विचारतात, ‘पोरगीला नेमबाजीला घालायचंय, रायफल कुठली घेऊ?’

माझ्या मते हा प्रश्न वर्षभर लवकर विचारला जातो.

रायफल आणि गोळी खेळावरून ठरतात. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, मल्टिगन नावाचा प्रकार जोरात आहे. एकाच सामन्यात रायफल, पिस्तूल आणि शॉटगन, पळत-वाकत नेम, आणि घड्याळ चालू. तिथला नेमबाज जवळच्या पाट्यांसाठी .२२३ची ५५ ग्रेनची स्वस्त गोळी खोक्यांनी आणतो. शेकडो मीटरवरच्या पाटीसाठी ६९ किंवा ७७ ग्रेनची जड गोळी वेगळी ठेवतो, कारण जड गोळी वाऱ्याने कमी ढळते. मात्र जड गोळीला जास्त गिरकी लागते. म्हणून नळीतले पीळ सात-आठ इंचांत एक फेरा पूर्ण करणारे हवेत. त्या जातीची अर्धस्वयंचलित रायफल आपल्याकडे शस्त्र कायद्यामुळे सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे तो विषय इथेच सोडू. आपला कोल्हापुरी खेळ वेगळा आहे. रायफल एकच, शरीराच्या ठेवणी तीन: गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून. प्रत्येकीत २० गोळ्या, एकूण गुण ६००.

पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे सगळी भोकं मिळून लक्ष्याच्या मध्याभोवती बाहेरून बाहेरपर्यंत साडेएकवीस मिलिमीटरच्या आत बसली की ६००पैकी ६००. कागदावर हे सोपं वाटतं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पालथ्या प्रकारात ५९७ गुण करून सुवर्ण घेतलं आणि तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. साठ गोळ्यांत गमावले फक्त तीन गुण. अंतिम फेरीत तर दशांश मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९.

इथे गोळीची जात कळीची ठरते. या खेळातलं .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस आहे. त्याच्या बुडाच्या कडेत पेट घेणारं मिश्रण गरगर फिरवून बसवलेलं असतं. ते कुठे कमी, कुठे जास्त बसलं की गोळीचा वेग बदलतो आणि भोक वर-खाली जातं. हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे कारखाना देईल ते घ्यायचं. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस ही मोठी नावं. पण तीच छाप, तेच खोकं, आणि लॉट क्रमांक बदलला की निकाल बदलतो. एका नळीला मानवलेला लॉट शेजारच्या नळीला मानवेलच असं नाही, मग दोन्ही रायफली एकाच कारखान्याच्या का असेनात. म्हणून वरच्या पातळीचे नेमबाज रायफल शिकंजात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघतात, भोकांचा घोळका मोजतात आणि जो लॉट घट्ट बसेल त्याचीच वर्षभराची खरेदी करतात. महाग खोकं म्हणजे चांगलं खोकं, हा समज इथे टिकत नाही.

वेगाचंही तसंच. स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने निघते, आवाजाच्या वेगाखाली मुद्दाम ठेवलेली. आवाजापेक्षा वेगाने निघून वाटेत त्याखाली उतरणारी गोळी डळमळते. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेलं काडतूस रानात ठीक. रेंजवर त्याचा उपयोग नाही.

रायफल मात्र अंगाला बसायला हवी. वजनाची मर्यादा ८ किलो. आन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, ब्लायकर यांच्या दस्त्यांत गालाची पट्टी, खांद्याची पाटी, मूठ सगळं सरकतं. त्याचा फायदा सरकवणाऱ्याला. बारीक चणीच्या मुलीच्या हातात आठ किलो देऊन उभं केलं तर ती नेम धरत नाही, वजन पेलते. उभं राहून मारताना पट्टाही वापरता येत नाही. पालथ्या ठेवणीत शरीर जमिनीवर स्थिर असतं, तेव्हा नळी आणि गोळी यांचा कस लागतो. उभ्या ठेवणीत कस लागतो तो पायांचा आणि श्वासाचा. खर्च कुठे करायचा, हे यावरून ठरवावं.

पैशाचं सोंग आणता येत नाही. पॅरिसनंतर छापून आलेल्या बातम्यांत होतं की, स्वप्नीलच्या शिक्षक असलेल्या वडिलांनी कर्ज काढलं. गोळी १२० रुपयांना पडायची, म्हणून स्वप्नील सरावात ती जपून वापरायचा. क्रीडा प्रबोधिनीचा आधार आणि पुढे रेल्वेची नोकरी, यांवर ही वाट सरली. दीपाली देशपांडे यांच्यासारखी ऑलिंपिक खेळलेली प्रशिक्षक लाभली, तो भाग वेगळाच.

म्हणून आजऱ्याहून येणाऱ्या पालकांना माझं सांगणं असं. .२२ला परवाना लागतो, गोळ्यांवर वार्षिक मर्यादा असते. त्या भानगडीत लगेच पडू नका. सुरुवात १० मीटर एअर रायफलने करा. ४.५ मिलिमीटरच्या कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे. वर्षभर क्लबच्या रायफलवर हात बसू द्या. दरम्यान पैसे जाकीट, बूट आणि छऱ्यांवर घाला. छरे चपट्या डोक्याचेच घ्या, कागदाला स्वच्छ भोक पडतं. डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं डबीवर असतं, तेही नळीवर तपासून. आणि वापरलेली एअर रायफल विकत घेत असाल, तर किंमत ठरवण्याआधी हवेच्या सिलिंडरवरचं वर्ष वाचा. त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. ती उलटली असेल तर स्पर्धेच्या तपासणीत रायफल अडू शकते.