आठवड्यातून एकदाच, पण नेमाने!

सकाळी उठल्यावर बोटांची मूठ वळत नाही. सांडशीत चहाचे पातेले धरवत नाही. कणीक मळायला बसले की मनगट ठणकते, आणि आखडलेले हात तासभर तरी सैल होत नाहीत. असे आठवडेच्या आठवडे चालले की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि मग ते अवघड नाव कळते: ‘र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’. आपल्याकडे याला आमवात म्हणतात. वयोमानाने गुडघे झिजतात तो प्रकार निराळा. हा आमवात ऐन पस्तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा आपल्याला दोन-तीन पटींनी जास्त! शरीराची राखण करणारी शक्तीच यात सांध्यांच्या अस्तरावर उलटते. आधी सूज, मग हाडाची झीज आणि शेवटी बोटे वाकडी. एकदा वाकडे झालेले बोट कुठल्याही गोळीने सरळ होत नाही, म्हणून औषध लवकर सुरू करावे लागते.

आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. डॉक्टर मेथोट्रेक्सेट लिहून देतात आणि घरातले कुणीतरी मोबाइलवर वाचून सांगते, “अगं, ही तर कॅन्सरची गोळी!” झाले! गोळ्यांची पट्टी कपाटात जाते आणि दुखेल तेव्हा दुकानातून वेदनाशामक गोळी आणणे सुरू होते.

ती गोळी कॅन्सरची, हे खोटे नाही. आपल्या आंध्रातले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत संशोधन करत होते. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४० च्या दशकात हे औषध तयार केले ते रक्ताच्या कॅन्सरसाठी. पण तिथे मात्रा कितीतरी पटींनी मोठी असते. आमवातासाठी साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, आणि तीही आख्ख्या आठवड्यात मिळून! अमेरिकेत १९८८ साली आमवातासाठी या औषधाला रीतसर मान्यता मिळाली. आज जगभर बहुतेक डॉक्टर सुरुवात याच औषधाने करतात.

आता खरी भीती कशाची बाळगायची ते सांगते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्याला गोळ्या रोज घ्यायची सवय, त्यामुळे चुकून ही रोज घेतली गेली तर तोंड सोलवटून निघते, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात आणि प्रसंग जिवावर बेततो. त्यातून जोडीला फॉलिक अॅसिडची गोळी दिलेली असते. दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान आणि पिवळ्या! म्हणून पट्टीवर पेनाने वाराचे नाव लिहा, ‘फक्त बुधवार’ असे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ती ठेवू नका. कॅलेंडरवर त्या वारी खूण करा. एखादा वार चुकला तर पुढच्या खेपेला दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि दुकानदाराने ‘रोज एक’ असे सांगितले तर तिथल्या तिथे चिठ्ठी पुढे करा.

वार कोणता निवडायचा, हेही बाईने स्वतः ठरवावे असे मला वाटते. गोळीच्या दुसर्‍या दिवशी काही जणींना मळमळते, अंग गळून जाते. शनिवारी रात्री घे म्हणजे रविवारी आराम, असे पुरुषमंडळी सहज सांगतात. रविवार आपल्याला सुट्टीचा असतो कुठे? पाहुणे, सामिष स्वयंपाक, आठवड्याचे निवडणे-टिपणे सगळे त्याच दिवशी! मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथल्या एक बाई मधल्या वारी रात्री जेवणानंतर गोळी घेतात. त्यांना ते सोसते. मळमळ फारच असेल तर डॉक्टर मात्रा विभागून देतात किंवा इंजेक्शन सुचवतात. फॉलिक अॅसिड याच त्रासांसाठी असते, ते टाळू नये. साधारणपणे मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून ते देतात.

तोंडात फोड येणे आणि केस विरळ होणे ही दोन कारणे पुष्कळ जणींना घाबरवतात. कंगव्यात केस आले की कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण ते बहुधा थोडेच गळतात आणि मात्रा कमी केली की पुन्हा येतात. न दिसणारा त्रास अधिक महत्त्वाचा. यकृतावर आणि रक्तावर होणारा परिणाम तपासणीतच कळतो. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, मग साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासायचे. गोळी स्वस्त, तपासणीला मात्र पैसे पडतात. मग मुलांची फी झाली की बघू, गणपती झाले की बघू, असे करत आपण आपलीच तपासणी मागे सारतो. निदान ही तरी पुढे ढकलू नका. कोरडा खोकला, धाप, ताप, अंगावर आपोआप उठणारे काळे-निळे डाग यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

लग्न झालेल्या तरुण मुलींनी एक गोष्ट संकोच न करता सांगावी: मूल हवे आहे का? मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. मेथोट्रेक्सेट काही महिने आधी थांबवावे लागते, लेफ्लुनोमाइडचा काळ त्याहून लांबू शकतो. नेमके किती ते डॉक्टर सांगतील. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन मात्र गरोदरपणातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतात. सल्फासॅलाझिनने लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी सुरुवातीला डोळे तपासून घ्यावेत आणि पाच वर्षांनंतर दरसाल. मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्याआधीच.

आता स्टेरॉइडविषयी. फिलिप हेंच यांनी १९४८ साली कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेले रोगी चालू लागले. १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेवढ्यातच त्याची दुसरी बाजूही दिसली. चेहरा गोल होतो (शेजारणी म्हणतात, “तब्येत सुधारली हो!”), साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. म्हणून ते लहान मात्रेत आणि थोडेच दिवस देतात. पण महिनोन्‌महिने घेतलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करणे अतिशय धोक्याचे. शरीर स्वतःचे तयार करायचे विसरलेले असते, ते हळूहळूच जागे होते.

सगळ्यात वाईट म्हणजे बिननावाच्या पुड्या. ‘जडीबुटी आहे, काही अपाय नाही’ म्हणून देतात आणि दोन दिवसांत दुखणे पळते. अशा पुड्यांच्या तपासणीत स्टेरॉइड अनेकदा सापडले आहे. किती, ते देणारालाच ठाऊक. चांगल्या वैद्यांचे औषध घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. दोघांपासूनही लपवू नका.

वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे दबते, सांध्याची झीज मात्र चालूच राहते. शिवाय पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा हे धोके आहेतच. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन आपल्याकडची गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली ते जनावरांसाठी बंद करावे लागले. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही हे खरे, पण रोज उठून दोन-दोन गोळ्या कशाला?

एक लहान वही पर्समध्ये ठेवा. गोळीचा वार, मात्रा, तपासणीची तारीख एवढेच त्यात लिहायचे. लघवीच्या जळजळीसाठी किंवा खोकल्यासाठी दुसर्‍या डॉक्टरांकडे गेलात तर तीच वही दाखवा, कारण को-ट्रायमॉक्साझोल हे नेहमीचे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटबरोबर चालत नाही. आणि गोळीच्या वारी ताप किंवा जुलाब-उलट्या चालू असतील तर गोळी तोंडात टाकण्याआधी डॉक्टरांना फोन करा.