सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत काय ठरले, याचा ग्राह्य पुरावा म्हणजे इतिवृत्त. सभा संपताच ते लिहिण्याचे सचिवाचे काम सुरू होते. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, 1961 मधील नियम 65 नुसार सर्वसाधारण सभेचे एक आणि व्यवस्थापक समितीचे एक, अशी दोन इतिवृत्त पुस्तके ठेवावी लागतात. लहान संस्थांत एकाच वहीवर भागवले जाते. ते नियमाला धरून नाही.

सभेचा प्रकार, तारीख, वेळ, ठिकाण, अध्यक्षस्थानी कोण होते आणि किती सभासद हजर होते, हा तपशील आरंभी येतो. त्यात सर्वाधिक हेळसांड होते ती गणपूर्तीच्या नोंदीची. आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी सर्वसाधारण सभेला लागते. अर्ध्या तासात ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. कित्येक सोसायट्यांची वार्षिक सभा दरवर्षी तहकूब होऊनच भरते, हे उघड गुपित आहे. त्यात गैर काही नाही. मात्र सभा कधी तहकूब झाली आणि पुन्हा कधी सुरू झाली, या दोन्ही वेळा लिहिलेल्या नसतील तर त्या सभेतल्या प्रत्येक ठरावावर हरकत घ्यायला जागा राहते.

इतिवृत्ताचा गाभा म्हणजे ठराव. ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर सविस्तर चर्चा होऊन काम करण्याचे ठरले’ हे वाक्य सोसायट्यांच्या वह्यांत हमखास सापडते आणि त्यातून काहीच कळत नाही. किती दरपत्रके आली, कोणाचे स्वीकारले, रक्कम किती, ती दुरुस्ती निधीतून द्यायची की सभासदांकडून वर्गणी काढायची, करारावर सह्या कोणी करायच्या, हे सारे ठरावातच यायला हवे. खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे. मतदान झाले असेल तर बाजूची आणि विरोधातली मते आकड्यांत. विरोध झालेला असताना सवयीने ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिणे ही सरळ खोटी नोंद होय. समितीच्या सभेत एखाद्याने विरोध केला असेल तर तो नावानिशी नोंदवणे त्याच्याही हिताचे असते, कारण पुढे निर्णयाची जबाबदारी ठरवताना तोंडी विरोध सिद्ध करणे अवघड जाते.

कोण कोणाला काय म्हणाले, कोणाचा आवाज चढला, पार्किंगवरून कोण उठून गेले, याला इतिवृत्तात स्थान नाही. लेखापरीक्षक, कर्ज देणारी बँक किंवा उपनिबंधक कार्यालय यांना चर्चेचा रंग नको असतो, निर्णय हवा असतो.

आदर्श उपविधींत मसुद्याचा क्रमही ठरवून दिला आहे. सर्वसाधारण सभेनंतर 3 महिन्यांच्या आत समितीने आपल्या सभेत मसुदा तयार करायचा आणि समितीच्या त्या सभेपासून 15 दिवसांत तो सर्व सभासदांना पाठवायचा. सभासदांना हरकती कळवायला 15 दिवस मिळतात. त्या विचारात घेऊन समिती पुढच्या सभेत इतिवृत्त अंतिम करते आणि मगच ते पुस्तकात चढते. तीन महिने ही मुदत सैल आहे. तोवर सचिवाचीही आठवण पुसट होते. कच्चा मसुदा आठवड्याभरात लिहून ठेवणे चांगले. अंतिम इतिवृत्तात चूक आढळली तर खाडाखोड करू नये. पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव करून त्याची वेगळी नोंद घ्यावी.

कंपन्यांच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 118 नुसार इतिवृत्त सभेनंतर 30 दिवसांत पुस्तकात नोंदवावे लागते, पानांना सलग क्रमांक असावे लागतात आणि नोंदीत फेरफार केल्यास 2 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र पाहणीच्या हक्कात सोसायटीचा सभासद वरचढ ठरतो. कंपनीच्या भागधारकाला सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहता येते, संचालक मंडळाचे नाही. सोसायटीच्या सभासदाला समितीच्या सभांचे इतिवृत्तही पाहण्याचा हक्क आहे आणि लेखी अर्ज करून, शुल्क भरून त्याची प्रतही मागता येते.