बंद कचराभूमीवरची नजर

कचराभूमी मातीने झाकली, वर गवत उगवलं, की धोका टळला असं वाटतं. तसं नसतं. इंग्लंडमधल्या लॉस्को गावात 24 मार्च 1986 रोजी सकाळी स्फोटात एक बंगला उद्ध्वस्त झाला, तिघे जखमी झाले. जवळची कचराभूमी तेव्हा बंदच होती. हवेचा दाब झपाट्याने उतरला आणि खडकातल्या भेगांमधून कचऱ्यातला मिथेन वायू घरात शिरला. हवेत तो 5 ते 15 टक्के असला, की एक ठिणगी पुरते. म्हणून हद्दीवर सच्छिद्र नळ्या पुरून वायू मोजतात. दाब उतरत असताना तर मोजायलाच हवा. भूजल तपासण्यासाठी त्याच्या प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला विंधणविहिरी घेतात. फक्त खालच्या पाण्यात क्लोराइड, अमोनिया वाढले, तर कचऱ्याचं पाणी झिरपत असल्याची दाट शंका घ्यावी. भारताच्या 2016च्या घनकचरा नियमांनी कचराभूमी बंद झाल्यावर किमान 15 वर्षं देखभाल सांगितली. तुमच्या गावाजवळ अशी जागा असेल, तर नगरपालिकेकडे या मोजमापांच्या नोंदी जरूर मागा.