थायलंडचे शोकवर्ष

थायलंडचे राजे भूमिबल अतुल्यतेज, म्हणजेच चक्री घराण्याचे नववे राम, यांचे १३ ऑक्टोबर २०१६ रोजी बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात निधन झाले. त्यांचे वय ८८ होते. ९ जून १९४६ रोजी ते गादीवर आले, त्याला सत्तर वर्षे उलटून गेली होती. देशातल्या बहुतेक लोकांनी दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. युवराज वजिरालोंगकोर्न यांनीही राज्यपद लगेच न स्वीकारता आधी जनतेबरोबर शोक पाळायचे ठरवले. त्यांनी गादी स्वीकारली ती १ डिसेंबर २०१६ रोजी. सरकारने तीस दिवस राष्ट्रध्वज अर्ध्यावर ठेवले आणि सरकारी सेवकांसाठी वर्षभराचा दुखवटा जाहीर केला.

या शोकाचा पाया थेरवाद बौद्ध धर्मात आहे. मृताला पुढच्या जन्मात चांगली गती मिळावी म्हणून जिवंत माणसांनी पुण्य जोडावे आणि ते त्याच्या नावे अर्पण करावे, अशी तिथली श्रद्धा आहे. भिक्खूंना भोजन देणे, दान करणे, धम्मपठण ऐकणे, काही काळ भिक्खूचे चीवर धारण करणे ही सारी पुण्यकर्मेच. भूमिबल यांनी स्वतः १९५६ मध्ये पंधरा दिवस भिक्खू होऊन बँकॉकच्या वात बोवोननिवेत विहारात वास केला होता. त्यांच्या निधनानंतर देशभर कितीतरी पुरुषांनी त्यांना पुण्य अर्पण करण्यासाठी अल्पकाळाची प्रव्रज्या घेतली. बौद्ध आचाराला दरबारी ब्राह्मणांच्या परंपरेची जोड आहे. राजा हा देवाचा अंश असून मृत्यूनंतर तो मेरू पर्वतावर परत जातो, ही कल्पना खमेर आणि अयुथ्या राज्यांपासून चालत आली आहे. म्हणूनच राजविधींत पाली पठणाबरोबर शंखनादही ऐकू येतो.

१४ ऑक्टोबरला पार्थिव राजवाड्यात आणून स्नानविधी झाला आणि ते दुसित महाप्रासादात ठेवण्यात आले. पूर्वी राजाचा देह बसत्या स्थितीत सुवर्णकलशात ठेवत. या वेळी देह शवपेटीत होता आणि कलश राजपदाचे प्रतीक म्हणून मांडला होता. त्यावर नऊ थरांचे पांढरे छत्र होते. ते फक्त राज्याभिषेक झालेल्या राजाचे असते. भिक्खू आळीपाळीने अभिधम्माचे पठण करीत. सातव्या, पंधराव्या, पन्नासाव्या आणि शंभराव्या दिवशी राजघराण्याने विशेष पुण्यविधी केले.

२९ ऑक्टोबर २०१६ पासून सामान्य लोकांना कलशासमोर जाऊन वंदन करण्याची मुभा मिळाली. पुढच्या सुमारे वर्षभरात सव्वा कोटीहून अधिक लोक येऊन गेले. राजवाड्यासमोरच्या सनम लुआंग मैदानावर पहाटेपासून रांगा लागत. तासन्‌तास उन्हापावसात उभे राहिल्यावर कलशासमोर काही क्षण माथा टेकायला मिळे. दुखवट्याच्या काळ्या कपड्यांचा तुटवडा पडला तेव्हा ठिकठिकाणी उकळत्या रंगाच्या कढया मांडून लोकांचे कपडे फुकट काळे रंगवून दिले गेले. स्वयंसेवकांनी अन्न आणि पाणी वाटले, मोटरसायकल टॅक्सीवाल्यांनी फुकट ने-आण केली. ही सेवाही राजाच्या नावे केलेले पुण्यच मानली गेली. रांगेत उभा राहणारा आणि त्याला पाणी देणारा असे दोघेही त्यामुळे एकाच विधीचे भागीदार झाले.

या एकजुटीला दडपणाचीही किनार होती. थायलंडमध्ये राजनिंदेविरुद्ध कडक कायदा आहे आणि त्या दिवसांत काळे कपडे न घातलेल्या काहींना चारचौघांत बोलणी खावी लागली. ज्यांच्यापाशी काळे कपडे नाहीत त्यांना समजून घ्यावे, असे आवाहन सरकारला करावे लागले.

दरम्यान सनम लुआंगवर दहनासाठी मेरूमंडप उभा राहत होता. नऊ शिखरांची ही वास्तू सुमारे पन्नास मीटर उंच होती. तिच्याभोवती देवता आणि हिमवंत वनातल्या काल्पनिक प्राण्यांची शिल्पे होती, आणि त्यांच्यातच राजाच्या लाडक्या श्वानांनाही स्थान मिळाले होते. समोरच्या भातखाचराची आखणी थाई नऊ अंकाच्या आकाराची होती. शेती आणि पाणी यांवर या राजाने आयुष्यभर लक्ष दिले, त्याचे ते स्मरण होते.

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी कलशाची मिरवणूक निघाली. कलश ‘महाविजय राजरथा’वर ठेवला होता. पहिल्या राम राजांनी आपल्या वडिलांच्या अंत्यविधीसाठी १७९५ मध्ये हा रथ घडवून घेतला. सागवानी लाकडावर कोरीवकाम, त्यावर सोन्याचा मुलामा आणि वजन तेरा टनांहून अधिक. दोनशेहून जास्त माणसे ढोलाच्या ठेक्यावर एकेक पाऊल टाकत दोर ओढत होती. पुढे कलश तोफगाड्यावर चढवून मेरूमंडपाला तीन उलट्या प्रदक्षिणा घालण्यात आल्या. मंगलकार्यात प्रदक्षिणा उजवीकडून घालतात, अंत्यविधीत डावीकडून. संध्याकाळी प्रतीकात्मक दहन झाले आणि प्रत्यक्ष दहन रात्री.

त्याच दिवशी देशभर मेरूमंडपाच्या प्रतिकृतींपाशी लोकांनी चंदनपुष्पे वाहिली. थाई अंत्यविधीत येणारा प्रत्येक जण असे फूल चितेपाशी ठेवतो. पूर्वी ते चंदनाच्या पातळ ढलप्यांचे असे. आता ते बहुधा कागदाचे करतात आणि देठाशी उदबत्ती व बारीक मेणबत्ती बांधतात. या प्रसंगासाठी शाळांत, विहारांत, कचेऱ्यांत आणि घरोघरी महिनोन्‌महिने फुले तयार होत होती. पाकळ्या कातरायच्या, वळवायच्या, तारेवर गुंडाळायच्या. ज्याला बँकॉक गाठणे शक्य नव्हते, त्यालाही आपल्या हातचे फूल राजाच्या दहनाच्या दिवशी अर्पण करता आले. दरबारी अंत्यविधी प्रजेचा झाला तो या फुलांमुळे.

२९ ऑक्टोबरला अस्थी राजवाड्यात प्रतिष्ठापित झाल्या आणि रक्षा वात राचबोफित व वात बोवोननिवेत या दोन विहारांत ठेवण्यात आली. त्याबरोबर दुखवटा संपला आणि लोकांनी पुन्हा रंगीत कपडे घातले. मेरूमंडप वर्षअखेरपर्यंत लोकांना पाहण्यासाठी खुला होता. नंतर प्रथेप्रमाणे तो उतरवण्यात आला. असा मंडप एकाच दहनासाठी बांधतात, कारण सर्व काही अनित्य आहे ही बुद्धाची शिकवण राजाच्या वैभवालाही लागू आहे. १३ ऑक्टोबर हा दिवस थायलंडमध्ये आता सार्वजनिक सुट्टीचा आहे, आणि त्या दिवशी सकाळी भिक्खूंना भिक्षा घालून लोक ते पुण्य आजही भूमिबल यांच्या नावे अर्पण करतात.