बांधावरचा शांपू, परसातलं कंडिशनर

बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात पाणी कसं आहे ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तूरडाळ शिजत टाकायची. तासाभरानंतरही डाळ बोटानं दबत नसेल, तर पाणी जड. बोअरचं असलं सवळ पाणी डोक्यावर घेतलं की केस राठ होणार, हे इथल्या मुलींना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. म्हणून केस कशानं धुवायचे हा प्रश्न या दोन तालुक्यांत पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा. त्याची बरीचशी उत्तरं बांधावर, पाटाच्या कडेला आणि परसात उगवलेली आहेत. चला, एक फेरी मारू.

आधी पाण्याचं

नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला आणि बारामतीचा दुष्काळी भाग हिरवा झाला. पण पाणी मुरत गेलं तसे जमिनीतले क्षारही वर आले. 1910 साली मुंबई सरकारच्या शेती खात्यानं हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांची एक पुस्तिका छापली. तिचा विषयच मुळी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी हा होता! शंभर वर्षांपूर्वी पुस्तिका काढावी लागली इतकं हे दुखणं जुनं आहे.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा पांढुरका साका तयार करतो. बादलीच्या कडेला चिकटलेला तो थर केसांवरही बसतो. शिकेकाईचं चित्र छापलेली वडीदेखील शेवटी साबणच, त्यामुळे तिचीही यातून सुटका नाही. बाटलीतल्या शांपूत साबण नसतो, दुसरी रसायनं असतात आणि त्यांचा असा साका होत नाही. हा गुण मान्य करायलाच हवा. शांपूनं खेडोपाडी साबणाची वडी हटवली त्यामागे जाहिरात होती, तसंच हे कारणही होतं.

रिठा: झाडावर लागणारा फेस

रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. साबणही याच रीतीनं मळ सोडवतो. पण रिठ्याचा जड पाण्यात तसा साका होत नाही. सवळ पाण्याच्या गावाला याहून चांगली भेट कोणती?

करायची रीत सोपी. काळीभोर, गोटीसारखी टणक बी काढून टाकायची, कारण फेस सगळा टरफलात असतो. टरफलं रात्री कोमट पाण्यात भिजत घालायची. सकाळी ती मऊ पडतात, पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि हातानं कुस्करलं की पातेल्याच्या काठापर्यंत फेस चढतो. मग फडक्यातून गाळायचं. हे गाळणं टाळू नका. टरफलाचे बारीक कण केसांत अडकले की दिवसभर डोकं खाजतं.

सोनार चांदीचे पैंजण याच पाण्यात उजळतात. रेशमी लुगडी आणि लोकरीचे कपडे धुवायलाही रिठाच, कारण रेशीम, लोकर आणि आपला केस, तिन्ही मुळात प्रथिनंच. रेशमाला जे सोसतं ते केसालाही सोसतं.

मात्र रिठा डोळ्यांत गेला तर सपाटून झोंबतो. आणि माशांच्या तर तो जिवावरच उठतो: सॅपोनिन कल्ल्यांवर परिणाम करतं, मासे गुदमरतात. म्हणून अशा फेसाळ वनस्पती कुटून डोहात टाकायची मासेमारी अनेक देशांत चालत आली. भिगवणच्या उजनी फुगवट्यावर ज्यांची चूल मासळीवर पेटते, त्यांच्या पाण्याकाठी बसून रिठ्यानं न्हाऊ नये. ते पाणी झाडांच्या आळ्यात जिरवावं.

शिकेकाई: पाहुणी, पण घरचीच झालेली

शिकेकाई आपल्याकडची नाही. ती सह्याद्रीच्या ओल्या जंगलातली काटेरी, झाडांवर चढणारी वेल. आपल्याकडे ती आठवडी बाजारात पसाऱ्यावर भेटते, आवळकाठी, कचोरा आणि नागरमोथ्याच्या शेजारी. तिचा फेस रिठ्याहून कमी. इथेच पहिल्यांदा वापरणारे नाराज होतात आणि मूठ-मूठ पूड ओततात. फेस भरपूर म्हणजे मळ जास्त निघतो, हा समज जाहिरातींनी घट्ट केलेला आहे. मळ निघायला डोकंभर फेस लागत नाही.

तिचं पाणी किंचित आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतं आणि तिची खरी करामत त्यातच आहे. केसावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. साबणाच्या क्षारधर्मी पाण्यात ते उचकटतात, केस केसाला अडकतो, गुंता होतो. आंबट पाण्यात ते खाली बसतात आणि केस चमकतो. धुणं आणि मऊ करणं अशी दोन्ही कामं शिकेकाई एका वाटीत उरकते.

मग ती मागे का पडली? वाळवा, कुटा, वस्त्रगाळ करा, उकळा, गाळा: एवढा खटाटोप कुणाच्या वाट्याला येत होता, हे घरातल्या बाईला विचारा. जर्मनीत हान्स श्वार्झकोफनं 1903 मध्ये पाण्यात कालवायची शांपू पावडर विकायला काढली, 1927 मध्ये पातळ शांपू आणला. आपल्याकडे खरी क्रांती पुडीनं केली. तमिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये छोट्या भांडवलावर शांपूच्या पुड्यांचा धंदा उभा केला, आणि पुढे तीच पुडी रुपया-आठ आण्यांत गावोगावच्या टपरीवर लटकू लागली. मोकळ्या झालेल्या त्या बायकांच्या वेळाला मी नावं ठेवणार नाही. मात्र नदीकाठी पडलेल्या रिकाम्या पुड्या बघवत नाहीत.

हिंगण: शाकुंतलातून थेट सुप्याच्या माळावर

आता माझ्या सगळ्यात आवडत्या झाडाकडे येते. सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथल्यासारख्या कोरड्या माळांवर आणि मुरमाड बांधांवर हिंगण दिसतं. हिंगणबेटही म्हणतात त्याला. लांब हिरवे काटे, जोडी-जोडीनं येणारी चिवट पानं आणि लिंबाएवढं लांबट फळ. पिकलं की साल पिवळसर पडते, आतला गर चिकट आणि कडवट-गोड, त्याच्या आत दगडासारखी आठोळी.

तो चिकट गर पाण्यात चोळला की फेस येतो, कारण त्यातही सॅपोनिन. रेशीम आणि कपडे धुवायला हा गर वापरायची रीत देशातल्या कोरड्या मुलखांत जुनी आहे. रिठा लांबून विकत आणावा लागतो. हिंगण मात्र बिनापाण्याचं, बिनाखताचं इथंच उभं आहे.

संस्कृतात याचं नाव इंगुदी. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त ते वारंवार भेटतं. आश्रमाची खूण म्हणून इंगुदी फोडून तेलकट झालेले दगड दिसतात. हरिणाच्या पाडसाच्या तोंडाला दर्भ लागला, तर शकुंतला इंगुदीचं तेल लावते. आणि विदूषक राजाला म्हणतो की उशीर केलास तर ही मुलगी डोक्याला इंगुदीचं तेल चोपडलेल्या एखाद्या तपस्व्याच्या पदरात पडेल. म्हणजे कालिदासाच्या प्रेक्षकांना हे केसांचं तेल नेहमीच्या माहितीतलं होतं! आठोळीतल्या बीपासून तेल, गरापासून फेस. एका फळात दोन्ही.

आफ्रिकेतही हेच झाड वाळवंटाच्या कडेनं पसरलेलं आहे. तिथे त्याच्या फळांनी पाण्यातल्या रोगवाहक गोगलगायी मारता येतात का, याचे प्रयोग झाले. म्हणजे रिठ्याचा नियम इथेही लागू: ओढ्यात धुवू नका. आणि फळं बांधावरची घ्या. अभयारण्यातली चिंकाऱ्यांसाठी राहू द्या.

ज्याला उपटून टाकता, तेच विकत आणता

ऊसवाल्याला लव्हाळ्याचं नाव काढलेलं खपत नाही. खुरपा, जाळा, औषध मारा, आठ दिवसांत पुन्हा हिरवागार. जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांच्या यादीत त्याचा पहिला नंबर लावला गेला आहे. त्याच्या मुळांच्या काळ्या गाठी धुऊन, वाळवून हुंगून पाहा. तोच तो उटण्याचा वास. नागरमोथा म्हणून दिवाळीत ज्याची पुडी आणतो, तो याच कुळातला. केस धुवायचं काम मोथा करत नाही, त्याचं काम सुगंधाचं. पण न्हाण्याला सण करतो तो हाच.

माक्याचंही तसंच. पाटाच्या ओल्या कडेला बारीक पांढऱ्या फुलांचा, चुरगळल्यावर बोटं काळी करणारा माका कुणी बघतही नाही. बाजारात तोच भृंगराज होऊन हिरव्या बाटलीत बसतो.

कंडिशनरची भाजी

जास्वंदीची पानं पाण्यात चोळा: हिरवा, ओघळणारा बुळबुळीत रस. भिजवलेली मेथी, उकळलेली जवस, कोरफडीचा गर, सगळ्यांचं गुपित हा बुळबुळीतपणाच. लांबच लांब साखळ्यांची ही द्रव्यं पाणी धरून ठेवतात, केसावर पातळ लेप चढवतात आणि कंगवा अडत नाही. जवस उकळताना पाच-सात मिनिटांत गॅस बंद करून गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर ती फडक्यातून उतरत नाही. कोरफडीचं पान तोडल्यावर तळातून निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्या, तो कातडीला खाजवतो.

आणि ताक! त्यातलं लॅक्टिक आम्ल सौम्य. साबणाचा साका सुटतो, खवले बसतात. आंबट ताकानं डोकं धुणाऱ्या आज्या रसायनशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांचं निदान चोख होतं.

लोखंडी कढईतली शाई

आवळ्याची पूड लोखंडी कढईत भिजवून रात्रभर ठेवली की सकाळी काळाकुट्ट लेप मिळतो. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह एकत्र येऊन हा रंग धरतात. जुन्या हस्तलिखितांची कितीतरी शाई याच मेळातून तयार व्हायची. डाळिंबाच्या सालीतही भरपूर टॅनिन असतं, आणि इंदापुरात डाळिंबाला काय तोटा!

तेल आधी की नंतर?

आधी. 2003 मध्ये मुंबईच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसातली प्रथिनं धुताना वाहून जाण्यापासून वाचवलं ते खोबरेलानं. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. सूर्यफुलाचं तेल वरवर राहतं. न्हाण्याआधी तेल लावायची अभ्यंगाची रीत प्रयोगशाळेत खरी ठरली, याचा मला मनापासून आनंद होतो.

इथे मात्र सांभाळा

खायचा सोडा डोक्यावर नको; तो क्षारधर्मी, म्हणजे शिकेकाईच्या बरोबर उलटा. लिंबाचा रस तसाच चोळू नका, तांब्याभर पाण्यात थोडा पिळा आणि उन्हात जायच्या आधी नीट धुऊन टाका. बांधावरच्या घायपाताच्या पानांतही फेस असतो, पण त्याच्या रसातले सुईसारखे बारीक स्फटिक कातडीला टोचतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. मेहंदीचा रंग तांबूसच असतो. ‘काळी मेहंदी’ म्हणून झटपट काळं करणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि काहींचा चेहरा त्यानं सुजतो. कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा.

शेवटचा तांब्या तेवढा गोड्या पाण्याचा असू द्या: पाटाचा, किंवा पावसाळ्यात पागोळ्यांखाली धरलेला. आणि गाळलेलं रिठ्याचं पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. त्यात टिकाऊपणाचं औषध नाही, ते आंबतं. लागेल तेवढीच टरफलं आदल्या रात्री भिजत घाला.