मुद्दल शाबूत, व्याज गावाला
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खताचे हप्ते असले विषय असतात. या वेळी जरा वेगळी वाट धरतो. हंगाम उरकला की कारखान्याकडे मदतीचे अर्ज येऊ लागतात. बालवाडीचे पत्रे उडाले, वाचनालयाला कपाट पाहिजे, तालमीचे छप्पर गळते, अपंग मुलांच्या शाळेची गाडी बंद पडली. आमच्या गट कचेरीत तर हमखास येतात, कारण चिटबॉयची ओळख असते ना! गरज खरी असते, माणसेही प्रामाणिक असतात. पण होते काय, उतारा चांगला लागला त्या साली देणगी मिळते आणि पाऊस रुसला की हात आखडतो. या संस्थांना जास्त गरज पडते ती नेमकी दुष्काळातच.

या दुखण्यावर एका बँकवाल्याने काढलेला तोडगा वाचनात आला. गृहस्थ अमेरिकेतले, पण मुद्दा आपल्या बांधावर लागू पडणारा आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलँड नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तिथल्या क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष होते फ्रेडरिक गॉफ. मूळचे वकील. त्यामुळे लोकांची मृत्युपत्रे आणि ट्रस्ट यांची त्यांना चांगली जाण होती. दानधर्मासाठी ठेवलेला पैसा पुढे कसा अडकून पडतो हे त्यांनी ओळखले होते. मयत माणसाचा हात पैशावर तसाच राहतो, असे त्यांचे म्हणणे.

याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. सेंट लुईस शहराचे एक माजी महापौर ब्रायन मुलनफी १८५१ साली वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेले गरीब प्रवासी त्या शहरातून जात. त्यांच्या मदतीसाठी मुलनफींनी आपल्या मिळकतीचा तिसरा हिस्सा ठेवला. हेतू चांगलाच. पण पुढे आगगाडी आली आणि बैलगाड्यांचे तांडे बंद झाले. पैसा आहे, घेणारा नाही! अट मात्र कागदावर पक्की. आपल्याकडेही जुन्या धर्मशाळांची गत काही वेगळी नाही. एस. टी. आली, माणसे मुक्कामाला राहीनाशी झाली, आणि कुलपे तेवढी राहिली.

गॉफ यांनी २ जानेवारी १९१४ रोजी क्लीव्हलँड फाउंडेशन स्थापन केले. जगातले हे पहिले 'कम्युनिटी फाउंडेशन'. आपण त्याला लोकनिधी म्हणू. व्यवस्था साधी आहे. ज्याला जे द्यायचे ते त्याने एकाच निधीत द्यावे. मुद्दल बँकेने सांभाळावे आणि त्याचे उत्पन्न दरवर्षी शहरातल्या गरजू संस्थांना वाटावे. देणाऱ्याने आपली इच्छा जरूर सांगावी, पण काळ बदलून ती निरर्थक झाली तर पैसा दुसऱ्या कामाकडे वळवण्याची मुभा ठेवावी. म्हणजे आपण बेणे मळा राखतो तसेच. बेणे खायचे नाही, पण पुढच्या लागणीला कोणती जात घ्यायची ते त्या वेळची जमीन आणि पाणी बघून ठरवायचे.

आता खरी मेख. वाटप कोणी करायचे? गॉफ यांनी पाच जणांची समिती नेमली. त्यातले दोघे बँकेने निवडायचे, उरलेले तिघे महापौर आणि न्यायाधीश यांनी. पैसा सांभाळणारा वेगळा आणि वाटणारा वेगळा, ही त्यातली गोम. मला स्वतःला सगळ्या योजनेत हेच कलम मोलाचे वाटते.

सुरुवातीला गंमत झाली. समिती झाली, नाव झाले, पण तिजोरीत काही नाही! कारण लोकांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेला पैसा ते गेल्यावरच यायचा. तोवर बसून काय करायचे? तर त्यांनी शहराची पाहणी हाती घेतली. १९१५-१६ मध्ये लेनर्ड एअर्स यांच्या नेतृत्वाखाली शाळांची तपासणी झाली, तिचे पंचवीस खंड निघाले. पुढे कोर्ट-कचेऱ्यांच्या कारभाराचीही पाहणी झाली. ती करणाऱ्यांतले फेलिक्स फ्रँकफर्टर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. आम्ही तुम्हाला घसा कोरडा होईपर्यंत सांगतो की आधी माती परीक्षण करा, मग खत टाका. त्यांनी तेच केले.

१९१५ साली शिकागो आणि बोस्टननेही हा कित्ता गिरवला. आज अमेरिकेत अशा संस्थांची संख्या आठशेच्या वर आहे. मुंबईतही १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर निघाला.

सगळे गोडच आहे असे मात्र समजू नका. बडी माणसे बसून वाटणार आणि गरिबाने घ्यायचे, ही तक्रार तिथेही झाली. क्लीव्हलँडचे पोलादी कारखाने मंदावले, माणसे शहर सोडून गेली. मोठमोठ्या इस्पितळांच्या शेजारी बेकारांच्या वस्त्या राहिल्या. तेव्हा २००८ च्या सुमारास फाउंडेशनने नगरपालिका, इस्पितळे आणि विद्यापीठ यांना बरोबर घेऊन एव्हरग्रीन नावाच्या सहकारी संस्थांना हात दिला. २००९ साली पहिली लाँड्री निघाली. कामगारच तिचे मालक, आणि भागाची रक्कम पगारातून थोडी थोडी कापून घ्यायची. आपली शेअरची कपात आठवली की नाही? २०१८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिक या मोठ्या इस्पितळाने आपले कपडे धुण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. २०१३ मध्ये सव्वातीन एकरांचे काचघरही उभे केले, मातीशिवाय नुसत्या पाण्यावर पालेभाजी काढायला.

सहकाराचे धडे त्यांच्याकडून घ्यावेत अशी आपली परिस्थिती नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली प्रवरेत कारखाना उभा केला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊरावांनी मुष्टिफंड गोळा केला, घरोघरच्या मूठ मूठ धान्यावर वसतिगृहातली पोरे जेवली. देण्याची दानत आपल्यात आहे. फरक इतकाच की आपले दिलेले त्याच साली खर्ची पडते, साठत नाही.

हिशेब करून बघू. समजा एखादा कारखाना हंगामात पाच लाख टन ऊस गाळतो आणि टनामागे दोन रुपये बाजूला पडतात. वर्षाला दहा लाख झाले. दहा वर्षे हात लावला नाही, तर व्याज सोडून एक कोटी. त्यानंतर सात टक्क्यांनी वर्षाला सात लाख, पाऊस पडो न पडो. एकरी चाळीस टन काढणाऱ्याच्या वाट्याला एकराला ऐंशी रुपये येतात. युरियाचे पोतेसुद्धा येत नाही तेवढ्यात.

अडचण पैशाची कमी आणि मनाची जास्त आहे. कमानीवर नाव दिसते, व्याजावर कुठे दिसते? शिवाय दहा वर्षे थांबायचे म्हणजे मध्ये निवडणुका आल्या, माणसे बदलली. म्हणून संचालक मंडळाचा पूर्ण आदर राखून सुचवतो. असा निधी कधी झालाच तर त्याचा सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली वेगळा ट्रस्ट असावा. वाटप समितीत निम्म्याहून अधिक माणसे मंडळाबाहेरची असावीत, त्यात एखादी मुख्याध्यापिका, एखादा डॉक्टर, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करणारे कोणी तरी. आणि कोणाला किती दिले ते याच वार्तापत्रात गाववार छापावे.

निधी दूर राहिला, पाहणीला तर काही खर्च नाही. आपल्या गावात आज कोणत्या संस्था चालू आहेत, कोण चालवतात, वर्षाला किती लागतात आणि कशासाठी अडते, एवढे एका कागदावर लिहून ऊस नोंदीच्या वेळी गट कचेरीत द्यावे. बंद पडलेल्यांचीही नावे लिहावीत, आणि का बंद पडल्या तेही.